पोटातल्या दोन टाचण्या

“टाचण्याच आहेत या. एक नाही, चांगल्या दोन,” काका काकूंच्या दुखऱ्या कंबरेचा काल काढलेला एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले.

“अहो, चिमटे आहेत ते. डॉक्टरांनी लावलेत,” काकू चौथ्यांदा म्हणाल्या.

“तीस वर्षं टाचण्या ओठांत धरून लोकांच्या पँटी आखूड करतेस. त्यातल्या दोन गिळल्यास.”

“ओठांत धरते. जेवत नाही.”

“तोंडी नको. कागद दाखव.” काका जन्मभर तिकीट तपासनीस होते. पोटातल्या टाचण्या निघेपर्यंत काकूंच्या शिवणाच्या दुकानाची किल्ली त्यांच्या खिशातच राहणार होती. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पण पंधरा दिवस मशीनला हात न लावलेल्या काकूंना ती परगावी असल्यासारखी वाटत होती.

“आई, हॉस्पिटलचा कागद दाखवा ना,” सूनबाई म्हणाली. “त्यात सगळं लिहिलेलं असेल.”

काकू पदराचं टोक नीट करत बसल्या.

दुखणं तसं साधंच होतं. गिऱ्हाईक आलं की काकूंचं जेवण तीनवर जायचं. वाकून वाकून कंबर धरली की त्या उपाशीपोटीच वेदनाशामक गोळी घ्यायच्या. पुढे शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं, तर “लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना, त्यांचा रंग,” असं म्हणून मोकळ्या झाल्या. मग एका सकाळी इस्त्री करता करता रक्ताची उलटी झाली आणि त्या कपड्यांच्या ढिगावर आडव्या झाल्या.

हॉस्पिटलात त्यांना रक्त चढवलं. घशात बधिर करणारा फवारा मारून, डाव्या कुशीवर निजवून दुर्बिणीची नळी तोंडातून आत घातली. गुंगीचं औषध दिलेलं असूनही काकूंनी एक डोळा पडद्यावर ठेवला होता. जठराच्या जरा पुढे एक जखम होती आणि तिच्यातून रक्ताची बारीक पिचकारी उडत होती. डॉक्टरांनी नळीतूनच सुई घालून कडेला औषध टोचलं आणि फुटलेली रक्तवाहिनी इवल्याशा धातूच्या चिमट्याने दाबून धरली. तो तिरका बसला, म्हणून शेजारी दुसरा. पिचकारी थांबली.

“काम चोख,” काकू शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांना म्हणाल्या होत्या. “पण पहिला टाका जरा तिरका गेला.”

“टाका नाही, चिमटा. जखम भरली की आपोआप गळून पडेल,” डॉक्टर हसत म्हणाले होते.

“आई, कागद,” सूनबाईने आठवण केली.

काकूंनी एकदा काकांच्या खिशाकडे पाहिलं. मग उठून आपल्याच गादीखालून एक करडी पँट ओढून काढली. तिच्या कमरेला हॉस्पिटलचा कागद टाचलेला होता. पुढे छापलेलं होतं, ‘रक्तस्राव थांबवण्यासाठी दोन क्लिप लावल्या.’ मागे काकूंच्या अक्षरात होतं, ‘कंबर ३६, लांबी ३९, घाई आहे.’

काकांनी दोन्ही बाजू नीट वाचल्या. “हे माप कधी घेतलंस?”

“तुम्ही दुपारी घोरत होता तेव्हा. शेजारचे आले होते.”

“घरी येऊन तीन दिवस झाले नव्हते तुला.”

“बसून घेतलं. त्यांनाच गोल फिरायला लावलं.”

सूनबाईने हसू लपवायला तोंड फिरवलं. काका मात्र हसले नाहीत. कागदाची घडी घालत हळूच म्हणाले, “त्या गोळ्या मीच आणून द्यायचो. जेवलीस का, हे एकदाही विचारलं नाही.”

“विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं,” काकू म्हणाल्या आणि हात पुढे केला. काकांनी किल्ली त्यावर ठेवली.

“उद्यापासून दुकान उघडेल,” काकूंनी घराला सांगितलं. “एक ते दोन बंद. त्या वेळात मी जेवणार. आणि कंबरेची गोळी डॉक्टर लिहून देतील तीच.”