अचोलच्या गायीचा ताप

सव्वीस वर्षांच्या नोकरीत गोरक्ष आहेर यांनी एकदाच खोटं लिहिलं. एका गायीला ताप नव्हता आणि त्यांनी एकशे चार लिहिला.

ते मूळचे देवळा तालुक्यातले. घरी कांदा आणि चार-पाच गुरं. बारावी झाल्यावर सैन्याच्या पशुवैद्यकीय विभागात ड्रेसर म्हणून लागले, आणि डोंगरातल्या चौक्यांवर खेचरांच्या पाठीच्या जखमा धुता धुता हवालदार झाले. आता निवृत्त आहेत. गंगापूर रोडला राहतात आणि सकाळी मोटारसायकलवरून आसपासच्या मळ्यांतल्या गोठ्यांवर जनावरांना औषधपाणी करतात. माणसांपेक्षा जनावरांशी जास्त बोलतात, असं त्यांच्या पत्नी प्रतिभाताईंचं म्हणणं आहे.

२०१९च्या शेवटी शांतिसेनेच्या तुकडीबरोबर त्यांना दक्षिण सुदानला पाठवलं. तिथलं पाच वर्षांचं यादवी युद्ध संपून वर्ष उलटलं होतं. मोठ्या नेत्यांनी करारावर सह्या केल्या होत्या. गोरक्ष होते त्या भागात नदीच्या दोन काठांवर दोन जमातींची गावं होती. युद्धात दोघांनी एकमेकांची घरं जाळली, माणसं मारली, गुरं हाकून नेली. करारानंतर गोळीबार थांबला. पण या काठाचा माणूस त्या काठाला जात नव्हता, आणि गेलाच तर एकटा जात नव्हता.

गुरांत साथ आली तेव्हा मात्र दोन्हीकडच्यांना लस हवी होती. गाब्रिएल नावाचा स्थानिक दुभाषी महिनाभर दोन्ही काठांवर फिरला. शेवटी एकाच माळावर, एकाच वेळी सगळ्यांनी गुरं आणायचं ठरलं. काठ्या आणायच्या, बंदुका नाहीत.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी अलीकडच्या रांगेतली अचोल नावाची साठीची विधवा एकदम थांबली आणि पलीकडच्या कळपाकडे बघून तिनं एक हाक मारली. त्या कळपातून एक करडी गाय, एक शिंग खाली वळलेली, मान वर करून सरळ तिच्याकडे चालत आली आणि तिचा हात चाटू लागली.

गोरक्ष यांच्या हातात लसीची सिरिंज होती. त्यांची आई साळूबाई गोठ्याच्या दारातून नावानं हाक मारायची तेव्हा गाय अशीच यायची. ही गाय कोणाची, हे त्यांना त्या क्षणी कळलं. कळून उपयोग नव्हता.

गायीमागून टुट नावाचा उंच तरुण धावत आला. "मी चोरली नाही," तो म्हणाला. "माझ्या बहिणीच्या लग्नात तिच्या सासरच्यांनी दिली."

"माझ्या नवऱ्याला मारलं त्या दिवशी नेली," अचोल म्हणाली.

गाब्रिएलनं दोन्ही वाक्यं सांगितली आणि हळूच म्हणाला, "दोघंही खरं बोलतायत."

तिकडे लग्नात मुलाकडचे मुलीकडच्यांना गुरं देतात. ही गाय परत गेली तर टुटच्या बहिणीचं लग्न अपुरं राहणार. तिच्या सासरच्यांनी ती आणखी कोणाकडून तरी अशाच लग्नात घेतलेली. पळवलेली गुरं परत करायची, असं करारात एका ओळीत लिहिलं होतं. ती ओळ पाळायची तर दोन्ही काठांवरची अर्धी लग्नं उसवायला लागली असती.

तोवर दोन्ही बाजूंची माणसं गोळा झाली होती. काठ्या वर आल्या होत्या.

गोरक्ष यांनी गायीची शेपटी उचलून थर्मामीटर लावलं. मिनिटभर थांबले. मग मोठ्यानं म्हणाले, "हिला ताप आहे. एकशे चार. एकवीस दिवस ही कोणाच्याच कळपात जाणार नाही. गेली तर सगळी गुरं मरतील."

गाब्रिएलनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि शब्द न शब्द भाषांतर केलं. जमाव मागे सरला.

तुकडीचे डॉक्टर मेजर साहेब संध्याकाळी रजिस्टर बघायला आले. त्यांनी स्वतः गायीला हात लावून पाहिला. "आहेर, थर्मामीटर बराबर है ना?"

"जी साहब."

साहेबांनी सही केली. 

काटेरी फांद्यांचं कुंपण घालून गाय त्यात बांधली. दुसऱ्या दिवशी अचोलकडचे दोन म्हातारे पहाऱ्याला आले, समोरच्यांनी गाय पळवू नये म्हणून. ते आले म्हणून टुटकडचेही दोन आले. चौघं दोन झाडांखाली बसायचे. रोज दुपारी एका झाडाची सावली सरकायची; सहाव्या दिवशी ऊन सोसवेना, म्हणून चौघं एका झाडाखाली आले. बोलणं त्यानंतर सुरू झालं. पहिल्यांदा ते एकमेकांना शिव्याच देत होते, असं गाब्रिएल म्हणाला.

त्या काळात फोनवर गोरक्ष यांनी प्रतिभाताईंना हे सांगितलं.

"आवो, तिची गाय हाय ना ती?" प्रतिभाताई म्हणाल्या. "मंग द्यायची तिला. त्यात काय एवढं?"

"त्या पोराच्या बहिणीचं लग्न मोडंल."

"आन् हिचा नवरा गेला त्याचं काय?"



पंधराव्या दिवशी त्यांनी गाय तपासली. सात महिन्यांची गाभण होती. हे कळल्यावर म्हाताऱ्यांना धरायला काहीतरी सापडलं. गाय टुटकडे राहील, वासरू अचोलला. पण कालवड झाली तर ठीक. गोऱ्हा झाला तर पुढच्या वेताचं वासरूही अचोलचंच. या एका मुद्द्यावर दोन दिवस गेले. नवऱ्याबद्दल काहीच ठरलं नाही. अचोलनं मान हलवली, पण तिचा चेहरा समाधानी माणसाचा नव्हता, एवढं गोरक्ष यांना दिसलं. एकविसाव्या दिवशी त्यांनी ताप उतरल्याचं लिहिलं. लगेच त्यांची दुसऱ्या तळावर बदली झाली, आणि गाय व्यायली ते त्यांनी पाहिलं नाही.

गोऱ्हा झाला. टुटनं तो पोचवला आणि पुढच्या वेताचा शब्दही पुन्हा दिला, असं गाब्रिएलनं कळवलं. मग पूर आला, मग दोन वर्षं काही कळलं नाही.

निवृत्तीनंतर एकदा गोरक्ष एका गोठ्यावर हात धुत असताना गाब्रिएलचा फोन आला. त्या भागात पुन्हा लढाई पेटली होती. यावेळी टुटच्या गावावर तिसऱ्याच लोकांनी हल्ला केला. टुट बायकोमुलांना, त्या गायीला आणि तिच्या नव्या कालवडीला घेऊन दलदलीतून अचोलच्या काठाला आला. इकडे ओळखीचं एकच घर होतं. अचोलनं त्यांना आत घेतलं. तिच्या पुतण्यांना ते पटलं नाही. अकरा दिवस कुरबूर चालली, मग टुट कुटुंबासह निर्वासितांच्या छावणीत गेला. छावणीत गुरं नेता येत नव्हती.

"मग गाय?"

"अचोलकडे आहे. कालवड तर ठरल्याप्रमाणे तिचीच."

"गायही तिला दिली?"

"दिली नाही. सांभाळायला ठेवली. तीही तसंच सांगते. पुतणे म्हणतात आपलीच आहे, ती म्हणते टुट येईल तेव्हा बघू."

टुट येईल का, ते गाब्रिएलला माहीत नव्हतं.

दुपारी जेवताना गोरक्ष यांनी हे घरी सांगितलं. प्रतिभाताईंनी भाकरी वाढता वाढता ऐकून घेतलं.

"मंग पोचली ना तिची गाय तिच्या दारात," त्या म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हणत व्हते."

"पोचली. पन लढाई झाली म्हणून पोचली."

"पोचली ते खरं."

गोरक्ष यांना ते पटलं नाही. तीन वाजता मखमलाबादच्या एका गोठ्यात लस टोचायला जायचं होतं. त्यांनी बर्फाच्या डब्यात बाटल्या भरल्या आणि ते निघाले.