कार्डवाल्या मॅडमची ओळखपरेड

आमच्या कामात किस्से शोधावे लागत नाहीत, रोज ओपीडीत चालत येतात! रायपूरला शंकर नगरात मेंदूच्या एका डॉक्टरांकडे मी पेशंटला चित्रांची कार्डं दाखवते, "हे काय?" विचारते आणि गुण लिहिते. मैत्रिणी हे किस्से ऐकून हसतात, मीही हसते. पण खरं सांगू? प्रत्येक किस्स्यात वेडी मीच ठरले आहे, आणि आता सांगताना लाज वाटते.

*

भाजी विकणाऱ्या एका आजींना मी कुठल्याशा परदेशी तंतुवाद्याचं चित्र दाखवलं. त्या म्हणाल्या, खाट आहे, निवार अर्धीच विणली. मी सरळ शून्य दिलं. डॉक्टरांनी विचारलं, मग आहे काय हे? मी कार्ड उलटवून मागचं नाव वाचलं!

डॉक्टर म्हणाले, "तुम्हालाही शून्य लिहू का?"

*

पाहणं वेगळं आणि ओळखणं वेगळं, हे मी सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात समजावते. डोळा चित्र पोहोचवतो, पण ते कोणाचं हे मेंदूचा दुसरा कोपरा सांगतो. एकदा तेलीबांधा तलावावर ट्रॅकसूटमधल्या एका काकांनी नमस्कार केला. मला वाटलं, जुने पेशंट. मी सावकाश, मोठ्या आवाजात विचारलं, गोळ्या वेळेवर घेता ना?

"हव, घेतो," ते म्हणाले. "मी तुमचा घरमालक."

रोज लुंगीत बघायची सवय, दुसरं काय!

*

उरला या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमधले काळेभाऊ मेंदूचा झटका आल्यापासून चेहरेच ओळखत नाहीत. आवाज ऐकला की लगेच ओळखतात. एकदा आमच्या लिफ्टच्या आरशातल्या माणसाला ते म्हणाले, "या भैया, जागा आहे," आणि बाजूला सरकले. त्यांची बायको सुनंदाताई तोंडाला पदर लावून हसली. मग मला हळूच म्हणाली, "मॅडम, एक डाव मले नुसतं पाहून ओळखलं पाहिजे यांनी. बस."

*

म्हणून दर मंगळवारी मी तिला त्यांच्यासमोर गप्प बसवायची. लागोपाठ तीन मंगळवार काळेभाऊंनी तिला ओळखलं! ती रडली, मी डॉक्टरांना पेढे दिले. चौथ्या मंगळवारी माझं लक्ष गेलं. मी "ही कोण?" विचारलं की ती हात किंचित हलवायची, आणि हिरव्या काचेच्या बांगड्या वाजायच्या.

मला राग आला. माझी टेस्ट खराब केली म्हणून! तिला बाहेर नेऊन मी म्हटलं, "काढा त्या."

तिनं मग एकेक करून काढल्या, रुमालात बांधल्या आणि आत येऊन बसली. मराठी घरातली मी, तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

काळेभाऊंनी तिला कितीतरी वेळ निरखलं. "नाही जी, या बाईले नाही पाहिलं कधी."

मी शून्य लिहिलं. ती खाली मान घालून रुमालाची गाठ सोडायला लागली. बांगड्या वाजल्या.

काळेभाऊ एकदम उभे राहिले.

"ह्या तर माह्या सुनंदाच्या बांगड्या. तिनं काहून काढल्या, मॅडम? मी जित्ता आहो ना?"