बिरप्पामामा कूस बदलतात

घरोघरी जाऊन लुळे पडलेले हातपाय हलवायचे, हा माझा धंदा. कागदावर मी फिजिओथेरपिस्ट चैताली. सोलापूरच्या शेळगी भागातल्या बायकांच्या लेखी मालिशवाली. पूर्वी मी चिडायचे, आता ओ देते. दुपारपर्यंत सात घरं झाली की माझेच गुडघे माझं ऐकत नाहीत.

सातवं घर बिरप्पामामांचं. सांगोल्याकडचा साठी ओलांडलेला मेंढपाळ माणूस. सहा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा धुळा शेळ्यांना पाला पाडताना कडुलिंबावरून पडला, कणा मोडला, कमरेखालचं अंग गेलं. मेंढरं विकून मामा दवाखान्यासाठी सोलापुरात आले ते राहिलेच. त्यांची बायको बाळाबाई गावाकडं उरलेल्या शेळ्या राखते. हे बापलेक इथं पत्र्याच्या खोलीत.

पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर कातडी सडते. मी मोबाइलवर गजर लावून दिला होता, तो मामांनी बंद करायला लावला. ते धुळाच्या उशाशी बसून चातीवर, म्हणजे हातातल्या टकळीवर, लोकर कातायचे. चाती सुतानं भरली की ती खाली ठेवायची, पोराला वळवायचं, पुन्हा रिकामी चाती घ्यायची. मी दोनदा घड्याळ लावून पाहिलं, पाच मिनिटांचासुद्धा फरक नाही. पाणी पाचव्या दिवशी येतं, तरी चादर रोज धुतलेली. सहा वर्षांत धुळाच्या पाठीवर एक फोड नाही. माझ्या बंगलेवाल्या पेशंटांना दोन-दोन नर्स ठेवून हे जमलेलं नाही. हे सांगताना माझा आवाज चढतो, चढू दे.

एकच गोष्ट मला खटकायची. वळवताना धुळा त्यांच्या मानेला हात घालायला जायचा आणि मामा तो हात हळूच काढून ठेवायचे. चादर धरूनच वळवायचे. मला वाटलं, असेल एखाद्याची पद्धत.

गेल्या उन्हाळ्यात धुळानं मोबाइलवर एक उंदीर दाखवला. कणा तुटलेला उंदीर, जनुकांच्या उपचारानंतर पाय उचलत होता. असल्या व्हिडिओंचा मला मनस्वी राग येतो. उंदीर चालतो आणि माणसं आशेला लागतात. पण पुण्याचे एक डॉक्टर अशाच अभ्यासासाठी नावं घेत होते, ते मीच बोलून बसले.

"म्हंजी नेमकं काय करत्यात?" मामांनी विचारलं.

मी सांगितलं, कण्यातल्या तुटलेल्या तंतूंना पुन्हा वाढा म्हणून सांगणारं जनुक आत सोडायचं. ते पोचवायला विषाणू वापरतात, पण त्याचा रोग काढून टाकलेला.

"मेंढरास्नी देवीची लस देत्यात, तसलंच की."

माझ्या नवऱ्याला हे अजून कळलेलं नाही.

फॉर्म पाच पानी. मी वाचत होते, धुळा उत्तरं देत होता. चौथ्या पानावर प्रश्न आला: पडल्यावर लगेच पायांत हालचाल होती का? तिथून कसं हलवलं?

"हालचाल न्हवती," धुळा पटकन म्हणाला. जुन्या कागदांतही तेच होतं. मी लिहायला लागले.

"थांबा म्याडम." मामांच्या हातातली चाती तशीच लोंबत राहिली. "बोटं हालत हुती. म्या बगितली. लंगडं मेंढरू घेत्यात तसा मानंवर आडवा टाकला आन् डांबरीपत्तुर चाललो. निम्म्या वाटंत पाय लुळं पडलं. दवाखान्यात सांगितलं, पडला तवाच गेलं. खरं लिवा. माज्या खोट्यापायी पोराचा नंबर जायला नको."

मोडलेला कणा असा दुमडून उचलला तर उरलंसुरलंही तुटतं, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. मामांना लहानपणापासून एवढंच शिकवलेलं, की दुखरं जनावर रानात टाकून यायचं नाही.

धुळा पत्र्याकडं बघत होता. "मला ठावं हाय की, आबा," तो म्हणाला. "मी तुमच्या मानंवरच हुतो न्हवं."

मामा तोंडावर टॉवेल धरून रडले. मीही रडले. मग खरं तेच लिहून फॉर्म पाठवला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दुखापत होऊन महिना झालेला नसावा, अशी अट होती. ती पहिल्याच पानावर होती आणि घाईत मीच नीट वाचली नव्हती. सहा वर्षांची दुखापत बसत नव्हती. मी मान खाली घालून सांगितलं. उगाच त्या म्हाताऱ्याची जखम उघडी केली म्हणून स्वतःला शिव्या घालत होते.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. "आता नव्यानं कोन पडंल त्येला तरी हुईल," म्हणाले. आवाजात फक्त थकवा होता.

चाती भरली होती. ती खाली ठेवून ते उठले, वाकले. धुळानं नेहमीसारखा मानेला हात घातला. मामांनी तो काढला नाही.