सुधारलेली वाघीण

त्याला सगळे सुधारक म्हणत. समाजाचं त्याने काही सुधारलं होतं असं नाही. तो सुधारायचा मालगाडीच्या वाघिणी, त्यासुद्धा तळहातावर मावणाऱ्या. खेळण्यातल्या म्हटलेलं त्याला खपायचं नाही. "खेळणं नाही, प्रतिकृती," असं तो सांगायचा, आणि समोरचा मान डोलवून पुन्हा खेळणंच म्हणायचा. मालगाडीच्या डब्याला वाघीण कोणी म्हणायला सुरुवात केली कोण जाणे, पण त्याच्या बायकोच्या हातात त्याने आयतं कोलीत दिलं. "आमच्याकडे कपाटभर वाघिणी आहेत," ती पाहुण्यांना सांगायची, "पण घाबरू नका, एकीलाही दात नाहीत. दात ह्यांच्याकडे दुसऱ्यांसाठी असतात."

तेही खरंच होतं. पोटापाण्यासाठी तो कवळ्या बनवायचा. दवाखान्यामागच्या एका लांबट खोलीत दिवसभर मेण, प्लास्टर आणि गुलाबी ॲक्रिलिकच्या संगतीत तो बसलेला असे. हात इतका बारीक की शहरातले चार दातांचे डॉक्टर त्याच्याशिवाय कुणाकडे काम द्यायचे नाहीत. हाताखालच्या नव्या पोरीला तो शिकवायचा, "सगळे दात ओळीत लावलेस तर माणूस हसला की कवळी आधी हसते. समोरचा एक जरासा वळवायचा. मग तोंड खरं वाटतं." हे तो इतक्यांदा बोलला होता की ती पोर त्याच्या आधीच वाक्य पुरं करायची.

संध्याकाळी घरी आला की खिडकीजवळच्या टेबलावर दिवा लागायचा. नवी वाघीण बाजारात आली की ती विकत आणून शोकेसमध्ये ठेवणारे लोक वेगळे. त्यांना तो मनातल्या मनात भाबडे म्हणायचा. कंपनीने डबा विकला म्हणजे निम्मं काम झालं, उरलेलं आपलं, असं त्याचं मत. खोक्यातून काढल्या काढल्या तो प्लॅस्टिकची चाकं उपटून धातूची बसवायचा. दाराजवळचे जाडे दांडे कापून त्या जागी कवळीच्या पकडीला वापरतात ती बारीक तार वाकवून लावायचा. मग रंगीत खडूची पूड करून कुंचल्याने गंज चढवायचा, छपरावर धूळ, कडांना काळपट तेल. कोरी करकरीत वाघीण हातात घ्यायची आणि आयुष्यभर कोळसा वाहिल्यासारखी करून ठेवायची, ह्यात त्याचा जीव रमायचा. "लोक जुन्याचं नवं करतात," बायको म्हणायची, "आमचं गंगेचं पाणी उलटं वाहतं. मला तेवढं सुधारू नका म्हणजे झालं."

त्या पावसाळ्यानंतर एका लहानशा कंपनीने बंद डब्याची नवी वाघीण काढली. तांबूस रंगाची, सरकत्या दाराची, खरोखरच देखणी. सुधारकाने भिंग डोळ्याला लावलं आणि सगळीकडे नजर फिरवून झाल्यावर तो नंबरापाशी अडला. पांढऱ्या आकड्यांची ओळ डावीकडून निघाली होती ठीक, पण पुढे चढत गेली होती. शेवटचे आकडे तर चक्क दाराच्या वरच्या पट्टीला टेकायला आले होते. नऊची शेपटी भलतीकडेच वळलेली. त्याने पट्टी लावून खात्री केली आणि त्याला मनापासून बरं वाटलं. चूक सापडल्यावर त्याला जेवढं बरं वाटायचं तेवढं नसल्यावर कधीच वाटलं नव्हतं.

त्याने फोटो काढला आणि वाघिणीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'कंपनीने नंबर काढायला आंधळा बसवलाय की दारुडा? पैसे मोजून घेणाऱ्यांनी हे का खपवून घ्यायचं?' पाहता पाहता शाबासक्या आल्या. आमच्या लक्षातच आलं नव्हतं, तुमची नजर म्हणजे नजर, असं एकापाठोपाठ एक. मग त्याने काडीला कापूस गुंडाळला, रसायनात बुडवला आणि अलगद, आकडा-आकडा करत ओळ पुसून काढली. त्या जागी पाण्यात भिजवून सरकवायचे तयार आकडे बसवले. ओळ अशी सरळ आली की पट्टीनेच लाजावं. तो फोटोही ग्रुपवर गेला. त्याच्यावर कंपनीच्या माणसाने स्वतः उत्तर दिलं : सूचनेबद्दल आभारी आहोत, दखल घेत आहोत. सुधारक त्या दिवशी जेवताना गुणगुणत होता.

पुढच्या आठवड्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. सगळी नोकरी त्याने रेल्वेच्या वाघिणी दुरुस्त करायच्या कारखान्यात रंगारी म्हणून काढली होती. एकाच्या हाती खऱ्या वाघिणी, दुसऱ्याच्या हाती छोट्या, तरी दोघं भाऊ ह्या विषयावर कधी फारसे बोलले नव्हते. दादाला धाकट्याचं टेबल म्हणजे मोठ्या माणसाचा पोरखेळ वाटायचा, आणि धाकट्याला दादाचं काम म्हणजे बादली आणि ब्रश.

"अरे, ती नवी वाघीण घेतलीस का रे? तांबडी, सरकत्या दाराची?" दादाच्या आवाजात कधी नव्हे तो उत्साह होता.

"घेतली की. तुला कुणी सांगितलं?"

"आमच्या कारखान्यातला फिटर भेटला होता. त्या कंपनीच्या माणसाने त्याच्याकडून जुना फोटो नेला म्हणे, आमच्या शेडसमोर उभ्या असलेल्या वाघिणीचा. त्याबरहुकूम केलीय, जशीच्या तशी. त्यावरचा नंबर माझ्या हातचा आहे रे! डाव्या हाताचा. जरा चढलेला आहे बघ पुढे. तू तर बघताक्षणी ओळखलाच असशील."

सुधारकाच्या तोंडून "हं" निघालं. तो हो होता की नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"रविवारी येतो बघायला. तुझ्या वहिनीला दाखवायला एक दिवस घरी पण नेईन म्हणतो. देशील ना?"

फोन ठेवला तरी दादाचे शब्द त्याच्या कानातून जाईनात. ओळखलाच असशील. शाळेत असताना त्याच्या प्रत्येक पुस्तकावर दादानेच नाव घालून दिलं होतं, डाव्या हाताने, आणि ते प्रत्येक नाव डोंगर चढल्यासारखं वर गेलं होतं. वर्गातली पोरं हसायची तेव्हा हाच भांडायचा, माझ्या दादाचं अक्षर आहे म्हणून. आणि आता तेच अक्षर भिंगाखाली मोठं होऊन समोर आलं, तर त्याला दिसलं काय, आंधळा किंवा दारुडा. त्याला स्वतःची किळस आली. दिवसभर कवळीत एक दात वाकडा ठेवा म्हणून पोरीला पढवणारा माणूस तो! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण.

दुसऱ्या दिवशी काम टाकून तो दुकानात गेला. एक वाघीण द्या, ती तांबडी, असं घाईघाईने म्हणाला. दुकानदार हसला. "तुम्हीच मागताय? तुमच्यामुळेच तर परत गेल्या सगळ्या. कंपनीने माल मागवून घेतला. नंबर सरळ छापून पुन्हा पाठवणार आहेत. खोक्यावर तुमचं नाव टाकायला हवं खरं तर."

ग्रुपवर विचारायची त्याला लाज वाटली, तरी विचारलं : तिरक्या नंबरची कुणाकडे शिल्लक आहे का? एकाने लिहिलं, मी बदलून घ्यायला पाठवली. दुसऱ्याने लिहिलं, मी तुमचं बघून घरीच पुसला, छान सरळ झाला. सोबत फोटो. तिसऱ्याने विचारलं, कशाला हवी, पुन्हा हजेरी घेणार वाटतं कंपनीची? त्याखाली हसरे चेहरे. सुधारकाने फोन उपडा ठेवला.

बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती नेहमीप्रमाणे काहीतरी टोचून बोलेल आणि मन हलकं होईल, अशी त्याला आशा होती. ते झालं नाही. ती एवढंच म्हणाली, "अहो, मग भाऊजींना आल्या आल्या सांगून टाका."

पण सांगण्यापेक्षा सुधारणं त्याला सोपं वाटलं. जित्याची खोड. शनिवारी दुपारी तो टेबलाशी बसला. स्वतः लावलेले सरळ आकडे त्याने पुसले आणि ग्रुपवरचा आपलाच फोटो उघडला, कारण दादाच्या अक्षराचा दुसरा पुरावा आता त्याच्या हाताशी उरला नव्हता. फोटोच्या वर त्याचं ते वाक्य होतंच. ते झाकायला त्याने फोनवर कागदाची पट्टी चिकटवली. सगळ्यात बारीक कुंचला डाव्या हातात धरला, कारण उजव्याने काढलेला प्रत्येक आकडा शहाण्यासारखा सरळ उभा राहत होता. काढावा, पुसावा, पुन्हा काढावा. शेवटी उन्हं उतरता उतरता एक ओळ जमली. नऊची शेपटीही वळली. भिंगातून पाहिलं तर फरक कळत नव्हता. त्याच्या हातात कला होती, ह्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

रविवारी दादा आला. नवा शर्ट घालून आला होता. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "आण बघू." सुधारकाने वाघीण त्याच्या हातात दिली. दादाचा डावा हात हल्ली थरथरायचा, म्हणून त्याने ती दोन्ही हातांत धरली आणि भिंग धाकट्यालाच डोळ्यासमोर धरायला सांगितलं. बराच वेळ तो बघत राहिला. चोराच्या मनात चांदणं. सुधारकाला वाटलं, आता म्हणेल, हा नऊ माझा नव्हे.

"वा गं पठ्ठे," दादा वाघिणीला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते लपवले नाहीत. "तुला सांगतो, आमच्या फोरमनला डाव्या हाताचा आकडा चालायचाच नाही. पट्टी घेऊन फिरायचा मेला. जरा चढला की म्हणायचा, दारू पिऊन आलास का? पूस. मग मी बोळा भिजवायचो, पुसायचो आणि उजव्या हाताने पुन्हा काढायचो. किती वर्षं! जेवढ्या वाघिणी रंगवल्या त्यांतल्या एकीवर माझा हात राहिला नाही. ही तेवढी सुटली. इंजिन लागलं होतं, गाडी निघायची घाई, आणि फोरमन जेवायला गेलेला. गेली तशीच. मी फाटकापर्यंत बघत उभा होतो. पुढे जन्मभर माल वाहिला असेल तिने. नंबर वाकडा म्हणून एक पोतं कमी घेतलं नसेल कुणी."

तो हसला. सुधारकालाही हसायला हवं होतं. त्याने चहाचा कप पुढे सरकवला.

"आणि आता बघ," दादा म्हणाला, "हजारो घरांत गेली असेल नाही? त्या फोरमनला दाखवायला हवी होती. बरं, जाताना तुझ्या त्या दुकानावरून जाऊ. फिटरला एक घेऊन देतो, त्याच्यामुळे झालं सगळं. आणि एक माझी मला. तुझी कशाला नेऊ उगाच?"

आतल्या दारात बायको उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

"दादा, दुकानात नाहीयेत," सुधारक म्हणाला.

"संपल्या? बघ, मी म्हणत होतो."

"संपल्या नाहीत. परत गेल्या. नंबर तिरका आहे म्हणून तक्रार झाली. कंपनी सरळ करून पाठवणार आहे." त्याने दादाच्या हातातल्या वाघिणीकडे बोट केलं. "तक्रार मी केली. आणि हिच्यावरचाही मी पुसला होता. हा तुझा नाही. काल मी काढलाय, फोटो बघून."

दादाने वाघीण पुन्हा डोळ्याजवळ नेली. ह्या वेळी भिंग मागितलं नाही. अंगठा त्या ओळीवरून एकदा फिरवला, रंग ओला आहे का बघतात तसा. धाकट्याला वाटलं, हा आता ओरडेल. ओरडला असता तर फार बरं झालं असतं. लहानपणी दादा ओरडायचा आणि संध्याकाळपर्यंत विसरायचा.

"वाकडा दिसला?" दादाने विचारलं.

"हो."

"तुलाही?"

चहावर साय धरली. बायको तो बदलून आणते म्हणाली, तर दादा नको म्हणाला आणि गारच प्यायला. मग इकडचं तिकडचं बोलला. वहिनीचे गुडघे, नळाचं पाणी, जावयाची बदली. आवाज नेहमीचाच होता. त्यामुळे धाकट्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघताना सुधारकाने वाघीण खोक्यात घातली आणि चपला घालणाऱ्या दादाच्या पुढे धरली. "ने ना. वहिनीला दाखवायची म्हणत होतास."

दादाने खोकं हातात घेतलं, झाकण नीट बसलंय का पाहिलं आणि त्याच्याच हातात परत दिलं.

"राहू दे," तो म्हणाला. "चांगली झालीय. पण तिला काय सांगू, कुणाच्या हातची आहे म्हणून?"

आणि कठड्याला उजव्या हाताने धरून तो सावकाश जिना उतरायला लागला.