नाव पेशंटनंच सांगायचं

रक्त सुरू केलं की पहिली पंधरा मिनिटं पेशंटच्या कॉटशेजारून हलायचं नाही, हा आमच्या हॉस्पिटलचा नियम. दिलेलं रक्त जुळलं नाही, तर शरीर बहुतेक वेळा सुरुवातीलाच तक्रार करतं. म्हणून स्टुलावर बसायचं, नाडी धरायची, चेहऱ्याकडे बघत राहायचं. आता इतका वेळ शेजारी बसल्यावर आपल्या नगर जिल्ह्यातला माणूस गप्प राहील का? त्या स्टुलावर मला जेवढे किस्से मिळाले, तेवढे कॉलेजच्या सगळ्या वर्षांत मिळाले नाहीत.

मी डॉक्टरकी शिकले दूर दक्षिणेत. परत आले, नगरला सावेडीत खोली घेतली आणि या धर्मादाय हॉस्पिटलात रुजू झाले. डोक्यात एकच गोष्ट होती. एका पेशंटची पिशवी चुकून दुसऱ्याला लागली, तर माणूस जाऊ शकतो. आणि ही चूक बहुतेकदा मशीन करत नाही, कॉटशेजारी उभा असलेला माणूस करतो. ती इथे होऊ द्यायची नाही, असं ठरवूनच मी आले होते. इथे आल्यावर कळलं, की आमच्या रक्तपेढीच्या प्रमुख पठारे मॅडम हेच वेड घेऊन कधीच्या उभ्या आहेत.

* * *

पहिल्याच राउंडला मॅडम मला एका आजोबांकडे घेऊन गेल्या.

"तुम्ही बाळासाहेब ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय," आजोबा म्हणाले.

"बरं, आता पूर्ण नाव सांगा."

"पोपट किसन शिंदे."

मी चाट पडले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बाबा, मग मघाशी 'व्हय' का म्हणालात?"

"तुमी येवढ्या मोठ्या डाक्टरीनबाई. तुमाला तोंडावर न्हाई कसं म्हनू?"

त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात 'ना?' लावून नाव विचारायला बंदी आहे. नाव पेशंटनंच सांगायचं, आपण फक्त पिशवीशी जुळवायचं.

* * *

हा नियम सोपा वाटतो. पण आपल्याकडे काही घरांत लग्नात मुलीचं नावच बदलतात!

एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. रक्त बरंच गेलं होतं. पिशवीवर नाव 'प्रतीक्षा', आणि तिने सांगितलं 'मनीषा'. मॅडमनी पिशवी परत पाठवली आणि लगेच नव्याने सॅम्पल घ्यायला लावलं. तोवर दाराशी तिची सासू आणि आई यांची जुंपली.

"आमी ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं लिवून नाव ठेवलंय," सासू म्हणाली.

"आन आमी काय पाळना रिकामाच हालवला का?" आई म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, "नावं दोन्ही छान आहेत. पण सॅम्पलच्या बाटलीवर एकच चालतं."

मग त्या मुलीकडे वळल्या. ती पांढरीफटक पडलेली, तरी हळूच बोलली, "मनीषा लिवा. दुखाया लागलं की मला तेवढंच आठवतं."

सासूनं तिच्या अंगावरची चादर नीट केली. नव्या सॅम्पलवर मनीषा लिहिलं गेलं, रक्त जुळलं, आणि संध्याकाळी तिने बाळाला पाजलं.

* * *

कर्जतकडचा एक शेतकरी बायकोसाठी रक्ताची पिशवी आणायला गेला, तो लवकर येईना. आला तेव्हा पिशवी शर्टाच्या आत, छातीशी धरलेली.

"फ्रिजातलं हाय. तिला गार कसं द्यायाचं? म्हनून उनात बसून जरा ऊब दिली."

असं उबवलेलं रक्त वापरता येत नाही, त्यात जंतू वाढू शकतात. ती पिशवी बाद झाली. मला वाटलं, आता मॅडम याला सोलून काढणार. त्या एवढंच म्हणाल्या, "सगळ्याच नवऱ्यांकडं एवढी ऊब असती तर बरं झालं असतं. पण रक्ताला चालत नाही ती."

बायकोला दुसरी पिशवी लावली. हा मात्र रक्तपेढीत जाऊन खुर्चीत बसला आणि बाही वर सारली.

"आता माजं घ्या. हे गरमच हाय."

* * *

आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज शेळके सिस्टर. त्यांचं एकच वाक्य, "आधी बंद, मग विचार."

एका पेशंटचं रक्त चालू होतं. मी त्याच्यापाशी पंधरा मिनिटं बसून उठले आणि पलीकडच्या कॉटकडे गेले. तेवढ्यात त्याला हुडहुडी भरली. भावानं काय करावं? गार रक्ताने थंडी वाजणारच, असं समजून घरून आणलेली घोंगडी त्याच्या अंगावर घातली आणि म्हणाला, "दात आवळून पड. ह्यांना कळलं तर बाटली काढून घेतील."

सिस्टर लांबून आल्या, कारण घोंगडी हलत होती. त्यांनी आधी रक्त बंद केलं, नळी बदलून सलाईन चालू ठेवलं, आणि मग मला हाक मारली. ताप चढला होता. औषधं दिली. उरलेली पिशवी आणि नवं सॅम्पल तपासायला रक्तपेढीत पाठवलं. रिपोर्ट आला, रक्त बरोबरच होतं. काहींना जुळलेल्या रक्तानेही असा ताप येतो.

भाऊ चिडला. "मंग उगंच घाबरवलं व्हय आमाला?"

सिस्टर घोंगडीची घडी घालत म्हणाल्या, "उगाच घाबरलेला पेशंट घरी जातो, दादा."

* * *

कोपरगावकडचे एक आजोबा आले, रक्ताच्या उलट्या झालेले. हाक मारली तर नुसते कण्हत होते. गंमत अशी, की त्यांच्या गावचा, त्यांच्याच भावकीतला, त्याच नावाचा आणि आडनावाचा माणूस शेजारच्या खोलीत होता. फरक फक्त वडिलांच्या नावाचा. आणि रक्तगटाचा. दोघांसाठी रक्त आलेलं. आजोबांच्या मनगटावरची नावाची पट्टी उलटीत भिजून तिची अक्षरं पसरली होती.

पेशंट बोलत नसेल तर नाव नातेवाइकाने सांगायचं. मुलगा औषधांसाठी बाहेर गेलेला, त्याचा फोन लागेना. जवळ फक्त आजी.

"आजी, यांचं पूर्ण नाव सांगा," मी म्हणाले.

"आमच्यात मालकाचं नाव घेत न्हाईत."

मी समजावलं. चुकीचं रक्त लागलं तर काय होतं, तेही सांगितलं. आजी सगळं सांगायला तयार होत्या. धाकट्या घराचे, ओढ्याकाठच्या मळ्याचे, डाव्या पायानं लंगडणारे. नाव तेवढं नाही.

"मग उखाण्यात घ्या," शेळके सिस्टर म्हणाल्या.

"हितं मानूस चाललंय आन म्या उखाना घेऊ?"

पठारे मॅडम पिशवी हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी घाई केली नाही, आणि पिशवीही लावली नाही.

आजींनी एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा आजोबांकडे. डोक्यावरचा पदर नीट केला. मग आजोबांच्या तोंडावर वाकून, मळ्यात लांबच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या,

"एकनाथ रावजी गाडेकर."

मॅडमनी पिशवीवरचं नाव वाचलं, सिस्टरनी पुन्हा वाचलं. रक्त सुरू झालं. मी आजोबांची नाडी धरून बसले. आजी भिंतीकडे तोंड करून बसल्या.

बऱ्याच वेळाने आजोबांनी डोळे किलकिले केले.

"मगाशी मला नावानं कोन हाक मारत हुतं?"

"सिस्टर असंल," आजी भिंतीकडे बघत म्हणाल्या. "गप पडून ऱ्हावा."

आजोबांनी शेळके सिस्टरांकडे नीट निरखून बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले.

"न्हाई. आवाज घरचा हुता."