सुई शून्याच्या मागे

घ्या, चहा घ्या. आणि चहा संपेपर्यंत मी माझी फजिती सांगतो. फक्त एक करा, ही गोष्ट माझ्या मेहुण्याच्या कानावर जाऊ देऊ नका. तशी ती गेलीच आहे म्हणा, पण तुमच्याकडून नको.

आमच्या घरी दोन मुली. थोरली सायली कबड्डी खेळते, धाकटी ईरा धावते. म्हणजे सायली लोकांचे पाय धरते आणि ईरा कुणाच्या हाती लागत नाही. बोईसरला सालवडमध्ये आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. त्यातल्या गॅलरीत कपडे कमी आणि नीकॅप जास्त वाळत असतात. दारात बुटांचे इतके जोड, की नवीन कुरिअरवाला एकदा विचारून गेला, "काका, अंदर कोई क्लास चलता है क्या?"

आणि भूक! अहो, खेळणारी मुलं म्हणजे काय हे ज्याच्या घरी आहेत त्यालाच कळतं. डझनभर केळी संध्याकाळी आणली तर सकाळी सालं. रात्रीची उरलेली भाजी ही वस्तू आमच्या फ्रिजने पाहिलेलीच नाही. मला तर अभिमानच वाटायचा. पोरी खातात, खेळतात, जिंकतात. मीही त्यांच्याबरोबर बसून खायचो. आता खेळायचा भाग तेवढा माझ्याकडून राहून गेला, हे कबूल.

मग कंपनीतल्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघून मान हलवली. संध्याकाळी आमच्या घरात वजनकाटा आला.

साधा, सुईवाला. वर उभं राहायचं, खाली सुई फिरते. सुनीताने, म्हणजे आमच्या हिने, लगेच कायदा केला. दर रविवारी सकाळी माझं वजन. घटलं तर दुपारी बोंबील फ्राय. वाढलं तर दुधी.

दुधी! रविवारी! चिंचणीच्या मासळीबाजाराचा वास वाऱ्यावर येतो अशा गावात राहून रविवारी दुधी खायचा?

पहिला रविवार दुधीत गेला. दुसरा रविवारही दुधीत गेला. तिसऱ्या शनिवारी, मोज्याची जोडी शोधायला वाकलो असताना, मला त्या वजनकाट्याच्या मागे एक छोटंसं चाक दिसलं. सुई शून्यावर आणायचं चाक. आता मला सांगा, जे चाक सुईला पुढे नेतं, ते मागे नेणार नाही का?

मी सुई किंचित मागे घेतली. रविवारी माझं वजन घटलं. बोंबील!

पुढच्या शनिवारी अजून किंचित. असं करत करत सुई शून्याच्या चार किलो मागे जाऊन बसली. कुणाला कळणार? वजनकाट्यावर माणूस चढला की सगळे वाकून बघतात. रिकाम्या वजनकाट्याकडे कोण बघतं?

हिने कौतुकाने भावाला फोन केला, "चार किलो उतरवलं हो ह्यांनी! तू शिक काहीतरी." मेहुणा फोनवर यायला मागेना. मी बोंबलाचं शेपूट चघळत विनयाने हसत होतो.

आणि एका रविवारी संध्याकाळी सायली धावत आली. "बाबा, पालघरला जिल्ह्याच्या संघाची निवड! पुढच्याच्या पुढच्या रविवारी! सरांनी माझं नाव दिलंय!"

मी तिला उचलणारच होतो, पण पंधरा वर्षांच्या मुलीला उचलायचं म्हणजे माझी कंबर जायची. नुसती पाठ थोपटली. ह्या संधीसाठी पोरगी दोन वर्षं गुडघे सोलून घेत होती. गेल्या वर्षी घोटा मुरगळला म्हणून हुकलं, तेव्हा बाथरूममध्ये नळ सोडून रडली होती. आम्हाला वाटलं आंघोळ चाललीय.

"वजन फक्त पंचावन्नच्या आत पाहिजे," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत पळाली. मिनिटभराने आतून ओरडली, "आई, त्रेपन्न! बिनधास्त!"

हिने टाळ्या वाजवल्या. ईराने उडी मारली. माझ्या हातातला घास मात्र हातातच राहिला.

त्रेपन्न? त्या वजनकाट्यावर? म्हणजे त्रेपन्न अधिक माझे चार... सत्तावन्न!

तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं होतं. सांगणं सोपं असतं हो! पण हिने ते चार किलो कुठे कुठे सांगितले होते ठाऊक आहे? मेहुण्याला, शेजारच्या पाटीलकाकूंना, माझ्या साहेबांच्या बायकोला. शिवाय बोंबील. मी ठरवलं, आपण केलं आपणच निस्तरायचं. दोन आठवडे हातात आहेत. गुपचूप पोरीचं वजन उतरवायचं. वजनकाट्याला हात लावायचा नाही आणि सत्याला तर त्याहून नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सायलीला उठवलं. "चल, चिंचणीच्या किनाऱ्यावर पळायला."

"बाबा, संध्याकाळी सर पळवतातच की."

"वाळूत पळण्याची मजा वेगळी!"

ती वाळूत पळायची आणि मी सुरूच्या झाडांखाली स्कूटर लावून शिट्टी मारायचो. शेजारी भज्यांची गाडी होती, तो माझा दोष नाही.

घरी आलो की दुसरा कार्यक्रम. सायलीच्या ताटातली दुसरी पोळी उचलायची. "पोळी जड असते." डब्यातला लाडू काढून घ्यायचा. "निवडीआधी गोड नको." आता काढलेला लाडू परत ठेवला तर ती पुन्हा खाईल. म्हणून तो मी खायचो. ईरा विचारायची, "मी खाऊ का?" मी म्हणायचो, "नको बाळा, तुझी पण शर्यत आहे ना?" घरासाठी बापाला किती त्याग करावा लागतो!

सायली बिचारी माझ्याकडे बघायची आणि हिच्याकडे बघायची. ही पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात जायची. मला वाटलं, नवऱ्याची कळकळ बघून गहिवरली.

मधला रविवार आला. आदल्या रात्री मी हळूच वजनकाट्यावर चढून बघितलं, तर भजी आणि लाडू मिळून दोन किलो चढलेले! झालं. उद्या दुधी आणि वर चौकशी. मी चाक अजून दोन किलो मागे फिरवलं. सुई आता शून्याच्या सहा मागे.

सकाळी माझं वजन जैसे थे. ही म्हणाली, "छान. टिकवलंत." मागोमाग सायली आत गेली आणि ओरडत बाहेर आली, "साडेबावन्न!"

मी मनात बेरीज केली आणि भिंतीला टेकलो. साडेबावन्न अधिक सहा. साडेअठ्ठावन्न!

म्हणजे बघा, आठवडाभर वाळूत पळवली, पोळी तोडली, लाडू तोडला, आणि पोरगी दीड किलो वाढली! हे कसं शक्य आहे? त्या दिवशी बोंबील गोड लागले नाहीत. म्हणजे खाल्ले, पण चिंतेने खाल्ले.

मी घाबरून तिच्या सरांना फोन लावला. नरेश सर दांडी गावचे. सकाळी मासळीच्या लिलावात आणि संध्याकाळी मैदानात, दोन्हीकडे आवाज तोच.

"सर, सायलीला जरा जास्त पळवा ना."

"कशाला? पोरगी बरोबर हाय."

"नाही, वजनाचं जरा..."

"ओ साहेब, आमी बगतो ना! तुमी तिला पोटभर खायला घाला. रेडर हाय ती, ताकद नको?"

मी फोन ठेवला. ह्या भोळ्या माणसाला काय माहीत घरात काय राक्षस उभा राहिलाय! मी पळवणं दुप्पट केलं. रात्रीचा भात बंद केला. शुक्रवारी सायली म्हणाली, "बाबा, मला शाळेत फळ्यावर पोळी दिसते." पोरगी उपाशी, तेही माझ्या बोंबलांपायी. त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे ठरवलं, वेळ आली तर सगळं कबूल करायचं. अगदीच वेळ आली तर.

रविवारी पालघरला पोहोचलो. ही आणि मुली रिक्षाने पुढे, मी स्कूटरवर मागे. त्या शाळेच्या फाटकात उतरल्या आणि मी स्कूटर लावायला गेलो. पार्किंगला जागाच मिळेना, बराच वेळ गेला. आत आलो तेव्हा मोठ्या खोलीत मुलींची रांग, टेबलामागे वजन घेणारे एक गृहस्थ, आणि भिंतीशी नरेश सर. वजनकाट्यावरून एक मुलगी उतरत होती. गृहस्थ ओरडले, "पंचावन्न आठशे. बाद. पुढची!"

ती मुलगी ओंजळीत तोंड लपवून बाहेर गेली. मला तिच्या जागी सायली दिसली. नळ सोडून रडणारी सायली. आणि मी सुटलो!

"थांबा!" मी टेबलापाशी जाऊन हात जोडले. "साहेब, सायलीला बाद करू नका! तिचा काही दोष नाही. दोष माझा आहे!"

रांगेतल्या मुली वळून बघायला लागल्या.

"घरचा वजनकाटा मी फिरवलाय. सहा किलो. माझं वजन कमी दिसावं म्हणून! पोरीला वाटलं आपण त्रेपन्न. ती बेसावध राहिली. बोंबलासाठी मी पोटच्या पोरीचं नुकसान केलं. काय शिक्षा करायची ती मला करा, पण तिला आणखी दोन दिवस द्या. मी तिला पळवतो. मी स्वतः पळतो!"

दोनचार आयांनी डोळ्यांना पदर लावल्यासारखं मला वाटलं. त्या हसू दाबत होत्या हे नंतर कळलं.

गृहस्थांनी चष्मा वर केला. "सायली कोण?"

"सायली मघाशीच झाली ना," नरेश सर म्हणाले. "बावन्न. पास हाय."

मी वळलो. मागच्या बाकावर सायली केळं खात बसली होती. ईरा तिच्या मांडीवर डोकं ठेवून हसून हसून आडवी झाली होती. ही मात्र हाताची घडी घालून शांत उभी होती. ती शांत उभी राहिली की मला जास्त भीती वाटते.

"बावन्न कसं?" मी विचारलं. "त्रेपन्न अधिक..."

"बाबा," सायली म्हणाली, "मी अधिक करूनच सांगत होते. सरांनी शिकवलंय, आधी रिकामी सुई बघायची, मग चढायचं. ती चार मागे होती, मी चार मिळवले. सहा मागे गेली, सहा मिळवले."

"आणि आईला कुणी सांगितलं?"

"आईनेच पहिल्यांदा बघितलं. झाडू मारताना."

मी हिच्याकडे बघितलं. "अगं, मग बोलली का नाहीस?"

"वजन घटतंय ह्या आनंदात रोज संध्याकाळी फिरायला जात होतात. म्हटलं, खोट्या आनंदाने का होईना, माणूस चालतोय. आणि बोंबील काय, मलाही हवेच होते. पोरीच्या ताटात हात घातलात तेव्हा वाटलं, आज कबूल कराल, उद्या कराल."

नरेश सर मात्र चिडले होते. "म्हणजे पोरीला तुमी उपाशी पळवली? तरी मी म्हणतो, ही दोन दिवस रेड मारताना धापा का टाकते! अहो, हरली असती ना ती! बाप हाय का दुश्मन?" त्यांनी सायलीच्या हातात अजून दोन केळी कोंबली. मी मान खाली घातली. त्यांचं खरंच होतं, आणि मला खरंच वाईट वाटत होतं.

तुमचा जीव टांगणीला नको म्हणून सांगून टाकतो, दुपारी ती खेळली आणि निवडली गेली. बापाचा उपद्व्याप पचवूनसुद्धा निवडली गेली, म्हणजे पोरगी काय दमाची असेल बघा!

पण दुपार व्हायच्या आधी सकाळ संपायची होती. हिने त्या गृहस्थांना विचारलं, "साहेब, एक मिनिट ह्यांचं बघता का? खऱ्या वजनकाट्यावर?"

"हा खेळाडूंसाठी आहे, ताई."

"चढू दे ना," नरेश सर म्हणाले. "पोरींनाबी बगू दे."

मी चढलो. रांगेतल्या सगळ्या मुली पुढे सरकल्या. आकडा लुकलुकला आणि थांबला. गृहस्थांनी तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि फार मायेने विचारलं, "काका, खिशात काही जड आहे का? काढून बघा."

बुडत्याला काडीचा आधार! मी भराभर खिसे रिकामे केले. मोबाइल, किल्ल्या, पाकीट, सुटे पैसे. आणि त्याच्याबरोबर, विसरलोच होतो हो, कागदात गुंडाळलेला एक गरम वडापाव टेबलावर आला.

वड्याचा वास खोलीभर पसरला.

"तो... तो सायलीसाठी घेतलाय," मी म्हणालो.

ईराने कागद उघडून बघितला. "बाबा, मग ह्याचा अर्धा कुठेय?"

तेव्हा मघाशी तुम्हाला जे सांगितलं ना, की पार्किंगला जागा मिळेना म्हणून उशीर झाला... जागा फाटकासमोरच होती हो.