ग्लासातला पांढरा धागा

माझ्या आत्याच्या हाताला यश आहे, असं सगळी रोपवाटिका म्हणायची. टोमॅटोचा कोवळा शेंडा कापून दणकट मुळांच्या दुसऱ्या रोपावर कलम करण्यात तिने एकतीस वर्षं घालवली. दिवसाला आठशे कलमं. घरात मात्र तिला कुणी साधी काकडी चिरायला सांगत नसे, कारण आमच्या सुरीच्या धारेवरून ती दिवसभर बोलणी ऐकवायची.

प्रत्येक रोपानंतर चाकूचं पातं जंतुनाशक औषधात बुडवायचं, हा तिथला नियम. औषधाने धार जाते म्हणून आत्या ते नुसतं एप्रनला पुसायची आणि पुढचं रोप धरायची. शेजारच्या टेबलावरची नवी बाई मात्र न चुकता बुडवायची. आत्या म्हणायची, "कलमं करतेस की पात्याला आंघोळ घालतेस?" हे घरी ऐकून मीही हसलोय. आज लाज वाटते.

मग एका आठवड्यात हिरवीगार रोपं उभ्या उभ्या माना टाकू लागली. मालकाने सगळं खापर नव्या बाईवर फोडलं. "हिचाच हात कच्चा. उद्यापासून येऊ नकोस." ती एप्रनची गाठ सोडू लागली.

आत्याला शंका आधीच आली असावी. तिने दोन्ही टेबलांवरच्या पाच-पाच रोपांची खोडं कापली आणि पाण्याच्या ग्लासांत धरली. रोगाचे जिवाणू असले तर कापातून दुधासारखा धागा खाली उतरतो, हे तिला रोपं तपासायला येणाऱ्या साहेबांनी शिकवलं होतं. नव्या बाईचे ग्लास नितळ राहिले. आत्याच्या पाचही ग्लासांत धागे उतरले.

मालक हळूच म्हणाला, "ताई, ओतून टाका. इतक्या वर्षांचं नाव आहे तुमचं."

"नाव माझं, तर चूकही माझीच. हिला ठेवा. रोग माझ्या चाकूने पसरला."

आपल्या हातची सगळी रोपं तिने स्वतः उपटून जाळायला दिली, चाकू टेबलावर ठेवला आणि घरी आली.

त्यानंतर पाणी पिण्याआधी ती ग्लास उजेडाकडे धरायची. आम्ही चिडवायचो. शेवटच्या आजारात तिला ग्लास पेलवेना, तेव्हा मीच तो खिडकीकडे धरला.

"स्वच्छ आहे गं, आत्या."

ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "तुझ्या हातचं आहे म्हणून."